माजी विद्यार्थी कोणाला म्हणायचं

पहिला निरोप आला तेव्हा मी गॅसवर तुरीच्या शेंगा उकडायला ठेवल्या होत्या. शेंगा सोलून होईपर्यंत आणखी चार आले. पाचव्यात आधीच्या चारांतली चूक दुरुस्त केली होती: मेळावा शनिवारी नसून रविवारी आहे, जुनी लिंक कोणीही उघडू नये. तोवर ग्रुपवरच्या निम्म्या लोकांनी ती उघडून पाहिली होती आणि उघडत नाही अशी तक्रारही करून झाली होती. कोणीतरी हात जोडल्याचं चित्र टाकलं. मग सगळ्यांनीच टाकलं.

आमच्या शहरात थंडी आता अशी येते. हातगाड्यांवर बोरं आणि ओला हरभरा दिसायला लागतो, शहराबाहेरच्या शेतांवर हुरड्याच्या पाट्या लागतात, आणि विद्यापीठाला आपल्या माजी विद्यार्थ्यांची आठवण येते. उन्हाळ्यात येत नाही, पावसाळ्यात येत नाही. मार्चच्या आत तपासणीची समिती यायची असते आणि तिच्या कागदांत माजी विद्यार्थ्यांसाठी एक रकाना असतो, म्हणून थंडीत येते. मी गेली कित्येक वर्षं त्या रकान्यात राहते. एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते, शहरातच असते, बोलावलं की जाते, एवढीच माझी पात्रता. माझ्याकडं अशा मेळाव्यांतून मिळालेली प्रमाणपत्रं इतकी आहेत की 'उपस्थित होत्या' हेच माझ्या आयुष्याचं काम आहे, असं कोणालाही वाटावं.

यंदा मेळाव्याला ऑनलाइन व्याख्यानमाला जोडली होती. अर्धे लोक सभागृहात, अर्धे पडद्यावर. टाळेबंदीत मी वर्षभर काळ्या चौकोनांना पेशीविभाजन शिकवलं आहे. एकेका चौकोनात एकेक नाव, आणि नावामागं कोणी आहे की नाही ते कळायला वाव नाही. तास संपला की मी विचारायची, कळलं का, आणि कोणाच्या तरी घरातली कुकरची शिट्टी उत्तर द्यायची. ते संपलं तेव्हा वाटलं, आता पुन्हा कधी नाही. पण विद्यापीठानं ते कायमचं ठेवून घेतलं.

अश्विनी मॅडमचा फोन आला. त्या विद्यापीठातल्या आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात तासिकेवर शिकवतात, वय तिशीच्या आत, आणि विभागातलं प्रत्येक नकोसं काम त्यांच्याकडं जातं. त्या म्हणाल्या की व्याख्यानमालेसाठी एक वेगळी व्यक्ती हवी आहे, आपल्या विभागातून बाहेर पडून भलत्याच क्षेत्रात नाव काढलेली. मी क्षणभरही थांबले नाही. म्हटलं, नसीम. पैठणला असते. पैठणी विणते आणि विणायला शिकवते, घरात शिकवते तशी ऑनलाइनही. अश्विनी मॅडमना इतका आनंद झाला की त्यांचा आवाज चढला. कौशल्यविकास, महिला, पारंपरिक कला, ऑनलाइन. चार रकाने एका बाईत भरत होते. फक्त त्यांना एक फॉर्म भरायला सांगा, म्हणाल्या.

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ ओट्याशी उभी राहिले. नसीमचं नाव मी इतक्या पटकन का घेतलं, हे मला ठाऊक होतं.

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाची थंडी. विद्यापीठामागच्या डोंगरावर गवत वाळून पिवळं झालेलं असायचं आणि परत येईपर्यंत मोज्यांत कुसळं भरायची. आम्हाला चाळीस वनस्पतींचं हर्बेरियम करायचं होतं. झाड शोधायचं, फांदी तोडायची, वर्तमानपत्रांत दाबून वाळवायची, रोज कागद बदलायचे, मग जाड पांढऱ्या कागदावर शिवून खाली लेबल लावायचं: नाव, कुळ, ठिकाण, तारीख, संकलक. नसीम पैठणहून पहिल्या एसटीनं यायची. चितेगावच्या पुढं गाडीत उभं राहायलाही जागा नसते, असं ती सांगायची, आणि तरी उतरताना तिच्या हातात एखादी फांदी असायची, कुठल्या तरी थांब्यावर खिडकीतून हात बाहेर काढून तोडलेली. पान ओळखायचं तर ती आधी बोटांत चुरगळायची, हुंगायची आणि मग चावून थुंकायची. सर म्हणायचे, हे शास्त्र नाही. पण ती चुकायची नाही.

दिवाळीनंतर मला कावीळ झाली. दीड महिना घरात, उसाचा रस आणि मुळ्याचा पाला. परीक्षा तोंडावर आणि हर्बेरियमचा एक कागदही तयार नाही. दर शनिवारी नसीम आमच्या घरी यायची, काखेत गठ्ठा घेऊन. तिनं प्रत्येक झाडाच्या दोन फांद्या तोडल्या होत्या, एक तिच्यासाठी आणि एक माझ्यासाठी. वाळवल्याही तिनंच, कागद बदलले तिनंच. तिच्या घरी उर्दू वर्तमानपत्र यायचं, त्यात सगळं दाबलेलं असायचं, आणि प्रत्येक फांदीसोबत पेन्सिलीनं नाव लिहिलेली चिठ्ठी. आई तिला बाहेरच्या खोलीत बसवायची आणि चहा वेगळ्या कपात द्यायची. तो कप कोणता, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. मला वाटतं, तिलाही होतं.

मी बरी झाले, ते चाळीस कागद शिवले, सुवाच्य अक्षरात लेबलं लिहिली. संकलक म्हणून माझं नाव घातलं, कारण तिथं कोणाचं तरी नाव घालावंच लागतं आणि हर्बेरियम माझं होतं. आणि सादर करायच्या आदल्या दिवशी मी बसून कागदांच्या मधली सगळी उर्दू वर्तमानपत्रं काढली आणि त्या जागी आमच्या घरची मराठी घातली. हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

सरांनी दोन्ही संच शेजारी ठेवले. तीच झाडं, त्याच जागा, त्याच तारखा. त्या तारखांना मी काविळीनं घरी होते, हे त्यांनी ताडून पाहिलं नाही. सर वाईट नव्हते. आता ते नाहीत, त्यांच्याबद्दल मला वाकडं बोलायचं नाही. त्यांनी पाहिलं, विचार केला आणि त्यांना जे सरळ दिसलं ते धरलं. एक मुलगी शहरातली, पहिल्या बाकावरची. दुसरी एसटीनं येणारी, रोज दहा मिनिटं उशिरा. त्यांनी सगळ्यांसमोर नसीमला विचारलं की मैत्रिणीचं उतरवून काढायला लाज कशी वाटली नाही. नसीमनं माझ्याकडं पाहिलं. मी लेबल वाचत होते. स्वतःच्या हातानं लिहिलेलं लेबल मी इतकं लक्ष देऊन कधी वाचलं नव्हतं.

मला पहिला क्रमांक मिळाला आणि माझं हर्बेरियम विभागाच्या कायमच्या संग्रहात गेलं. नसीम काठावर पास झाली आणि दुसऱ्या वर्षाला आलीच नाही. कोणी म्हणालं, वडील आजारी आहेत. कोणी म्हणालं, लग्न ठरलं. पैठण एसटीनं दीड तासावर. मी तीस वर्षं गेले नाही.

टाळेबंदीत आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला. पडद्यावर फक्त दोन हात, माग आणि रंगीत धाग्यांच्या कांड्या, आणि एक आवाज सांगत होता, 'घाई नाय करायची, धागा काय पळून जात नाय.' मी आवाज ओळखला. नंबर मिळवला, फोन केला. ती म्हणाली, 'बोल विद्या, कावीळ बरी झाली का?' आणि हसली. त्यानंतर आम्ही दिवाळीला आणि ईदला बोलायचो. मुलं, गुडघे, पाऊस, साड्या. हर्बेरियमचा शब्द दोघींपैकी कोणीही काढला नाही. म्हणून व्याख्यानाचं निघालं तेव्हा मला ती आयती सोय वाटली. तिला विभागात सन्मानानं बोलवू, शाल देऊ, टाळ्या वाजवू, आणि तो शब्द न काढताच सगळं फिटेल.

फॉर्मनं ते होऊ दिलं नाही. फॉर्ममध्ये 'उत्तीर्ण वर्ष' नावाचा चौकोन होता आणि त्याच्या डोक्यावर तांबडी चांदणी. रिकामा ठेवला तर फॉर्म पुढं जात नव्हता. नसीमनं मला फोटो पाठवला आणि विचारलं, 'इथं काय लिहू? उत्तीर्ण झालेच नाय ना.' मी अश्विनी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या की मग त्या तांत्रिकदृष्ट्या माजी विद्यार्थी होत नाहीत. मी विचारलं, मग काय होतात? त्या विचारात पडल्या. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून बोलावता आलं असतं, पण त्याला पदव्युत्तर पदवी लागते. प्रशिक्षणार्थी म्हणून घेता आलं असतं, पण त्या तर शिकवणार. मी म्हटलं, अहो, ती एक वर्ष याच खोल्यांत शिकली, याच डोंगरावर हिंडली, मग ती इथली नाही तर कुठली? अश्विनी मॅडम हळूच म्हणाल्या, 'मला पटतंय, मॅडम. पण त्या चौकोनाला पटत नाही.' दोन दिवसांनी तोडगा निघाला. विशेष निमंत्रित. वेळ दहा मिनिटं. ऑनलाइन, कारण विशेष निमंत्रितांना प्रवासखर्च लागू नाही.

रविवारी मी साडेदहाला पोचले. साडेदहाचा कार्यक्रम सव्वाअकराला सुरू झाला. दाराशी एक टेबल होतं, त्यावर काचेखाली पाच-सहा जुने पांढरे कागद मांडलेले, आणि वर कापडी फलक: आपला वारसा. मी वाकून पाहिलं. माझंच अक्षर. तरवड, रिंगणी, टाकळा. संकलक: कु. विद्या. अश्विनी मॅडम धावत आल्या आणि म्हणाल्या, तुम्हाला सांगितलं नाही, गंमत म्हणून ठेवलं, आज तुमचा सत्कार आहे. विभागात इतकं जपून केलेलं दुसरं हर्बेरियमच नाही, म्हणाल्या. त्या खरंच खूश होत्या. आदल्या दिवशी एकटीनं कपाटं उपसून त्यांनी ते शोधलं होतं. मला त्यांच्यावर चिडता येईना, आणि चिडल्याशिवाय उभं राहता येईना.

मला मंचावर बसवलं. पाठीमागं पडदा, त्यामुळं ऑनलाइन कोण आलं आहे ते मला मान पिरगाळल्याशिवाय दिसणार नव्हतं. दीपप्रज्वलनाच्या वेळी पंख्यानं ज्योत तीनदा विझली. पंखा बंद केला तेव्हा त्याच बटणावर असलेला माइकही बंद झाला. मग प्रास्ताविक. मग पाहुण्यांचा परिचय, जो पाहुण्यांनी स्वतःच लिहून दिलेला असावा, कारण त्यात त्यांच्या शाळेतल्या वक्तृत्वाचं बक्षीसही होतं. पाहुणे बोलायला उठले आणि म्हणाले, मी फार वेळ घेणार नाही. पडद्यावर कोणीतरी आपला आवाज चालू ठेवून भाजीवाल्याशी कोथिंबिरीवरून बोलत होतं. पाऊण तास झाला. मी अश्विनी मॅडमना खूण केली की नसीम आली का. लॅपटॉप त्यांच्याकडं होता, पण तेवढ्यात पुष्पगुच्छ कमी पडल्याचं कळलं आणि त्या बाहेर गेल्या. लॅपटॉप टेबलावर एकटा राहिला.

मग माझा सत्कार झाला आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. मी ठरवलेलं वेगळं होतं. पण समोर, दाराशी, ती काच दिसत होती. मी म्हटलं, बाहेर जे हर्बेरियम ठेवलं आहे ते माझं नाही. त्यातली एकही फांदी मी तोडलेली नाही. ती माझ्या मैत्रिणीनं तोडली, वाळवली, ओळखली. मी फक्त लेबलं लिहिली, आणि जेव्हा तिच्यावर चोरीचा आळ आला तेव्हा मी गप्प बसले.

मला वाटलं, झालं. आता जे व्हायचं ते होऊ दे. आणि मग पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. सूत्रसंचालक माइकवर आल्या आणि गहिवरून म्हणाल्या की एवढं यश मिळवूनही श्रेय मैत्रिणीला देणं, ही नम्रता आजच्या पिढीनं शिकावी. मी म्हटलं, नाही हो, मी खरंच सांगतेय. तेव्हा आणखी टाळ्या झाल्या. मला हातात स्मृतिचिन्ह दिलं. मी आजवर इतकी कधी चिडले नव्हते, आणि कोणावर चिडायचं तेच कळत नव्हतं.

मंचावरून उतरून मी थेट त्या लॅपटॉपकडं गेले. कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलं होतं की नसीम बाहेर थांबली आहे, आत घ्यायचं का. एक तास दहा मिनिटं ती थांबली होती. मी बटण दाबलं. तोवर आभारप्रदर्शन सुरू झालं होतं, आणि आभार मानणारे विशेष निमंत्रितांचेही त्यांच्या मौलिक मार्गदर्शनाबद्दल आभार मानत होते. दुसऱ्याच क्षणी राष्ट्रगीत लागलं. सगळे उभे राहिले. पडद्यावर नसीमचा चेहरा आला, मागे माग, डोक्यावर ओढणी. तिनं काय चाललं आहे ते ऐकलं आणि तीही उठून उभी राहिली, हात सरळ, नजर समोर. बावन्न सेकंद ती सभागृहात होती. राष्ट्रगीत संपलं आणि कोणीतरी मीटिंग बंद केली.

जेवणाच्या रांगेत मला दोघांनी येऊन सांगितलं की बोललात छान. संध्याकाळी प्रमाणपत्र आलं. नसीमलाही आलं. तिनं ते मला पुढं पाठवलं, खाली काही न लिहिता.

पुढच्या रविवारी मी पैठणच्या एसटीत बसले. फोनवर माफी मागता आली असती. पण फोनवरच तर तीन वर्षं टाळलं होतं. बाजूच्या बाईंच्या मांडीवर मेथीची पाटी होती आणि तिचा ओला वास सगळ्या गाडीत भरला होता. पिकं उभी होती, ज्वारीला कणसं धरत होती. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते आणि विद्यापीठावरचा राग त्यात मधूनमधून कालवत होते, कारण त्याच्या आडून आपलं सांगणं सोपं जाईल असं वाटत होतं.

नसीमचा वर्ग चालू होता. खोलीत दोन माग, एकावर ती. वर लाकडी पट्टीला फोन बांधलेला, तो थेट तिच्या हातांवर रोखलेला, आणि समोर स्टुलावर जुना टॅबलेट. त्यात सात बायका, आणि सातही चौकोनांत हात दिसत होते, एकही काळा नव्हता. तिनं मला बोटानं गप्प बसायला सांगितलं आणि शिकवत राहिली. 'सुलभाताई, तुमचा डावा धागा ढिला. दाखवा. हां, आता बघा.' एकीचं मूल रडत होतं तर ती म्हणाली, आधी त्याला घे, आम्ही थांबतो. आणि सगळ्या खरंच थांबल्या. तिथं स्वागत नव्हतं, परिचय नव्हता, हजेरीचा फॉर्म नव्हता. तास संपला तेव्हा तिनं विचारलं, कळलं का, आणि सात आवाजांनी सात निरनिराळ्या शंका काढल्या. मी ते पाहत बसले आणि मला माझ्या त्या वर्षभराच्या काळ्या चौकोनांची लाज वाटली.

मग चहा आला. मी विद्यापीठापासून सुरुवात केली. फॉर्म, पाहुणे, पंखा, पुष्पगुच्छ. किती हा बेजबाबदारपणा, तुला सव्वा तास ताटकळत ठेवलं, मी कुलगुरूंना पत्र लिहिणार आहे. ती ऐकत होती आणि कांड्या लावत होती. म्हणाली, ताटकळत कुठं, फोन बाजूला ठेवून मी विणत बसले होते. चार बोटं पदर झाला तेवढ्यात. 'वेळ तुमचाच गेला.'

मी कप खाली ठेवला. ती वर न बघता म्हणाली, 'हर्बेरियमचं बोलायला आलीस ना? नायतर तू इथवर यायची नाय.'

मी सगळं सांगितलं. वर्तमानपत्रं बदलली तेही. ते तिला माहीत नव्हतं. तिचे हात तेवढ्यापुरते थांबले. मग मी विचारलं, जे तीस वर्षं विचारायचं राहिलं होतं, की तू त्याच्यामुळं सोडलंस का.

'नाय. अब्बांना दिसायचं बंद झालं होतं. माग बंद पडला असता, धाकट्या तिघी होत्या. सोडावंच लागलं असतं. आणि मला मागावर बसायला आवडायचं, ते मला कोणी विचारलंच नाय.' तिनं धागा दातानं तोडला. 'पण ते होतं, विद्या. नाय कशाला म्हणू? सर बोलले त्याचं एवढं नाय. तू खाली बघितलंस, ते होतं. लई दिवस होतं.'

मी म्हटलं, मला माफ कर.

'माफ-बिफ राहू दे. तिथं माझं नाव लाव.'

मला हे अपेक्षित नव्हतं. ती म्हणेल, जाऊ दे, जुनी गोष्ट, आणि मी हलकी होऊन परत जाईन, असं मी धरून चालले होते. मी विचारलं, नाव कोणतं लावू, आत्ताचं की माहेरचं? ती म्हणाली, 'जिनं तोडलं तिचं. तेव्हा माझं लग्न कुठं झालं होतं?' आणि वहीचं पान फाडून तिनं वडिलांच्या नावासकट ते लिहून दिलं, म्हणजे मी चुकायला नको.

सोमवारी कॉलेज सुटल्यावर विभागात गेले. अश्विनी मॅडमना आता कुठं कळलं की मी मंचावर नम्रपणे बोलत नव्हते. त्यांनी हातातली फाइल खाली ठेवली. मग सवयीनं म्हणाल्या, विहित नमुन्यात अर्ज करावा लागेल, सोबत त्यांचा नोंदणी क्रमांक आणि उत्तीर्ण... आणि तिथंच थांबल्या. त्यांचं त्यांनाच हसू आलं आणि लगेच ओशाळल्याही. मी म्हटलं, अर्ज नाही, परवानगी नाही. मला कात्री, डिंक आणि काळी शाई द्या.

हर्बेरियमचा एक नियम आहे, सरांनीच शिकवलेला. कागदावरचं जुनं लेबल चुकीचं निघालं तरी ते काढायचं नसतं, खोडायचंही नसतं. त्याच्या वरच्या बाजूला छोटी चिठ्ठी चिकटवायची, दुरुस्ती लिहायची, खाली आपलं नाव आणि तारीख. चूक कोणाची होती आणि ती कोणी सुधारली, दोन्ही पुढच्या माणसाला दिसलं पाहिजे. त्या दिवशी मला तो नियम नकोसा वाटला. माझं लेबल फाडून टाकता आलं असतं तर बरं झालं असतं. पण मी चाळीस चिठ्ठ्या कापल्या आणि चाळीस वेळा लिहिलं: संकलक, कु. नसीम. आणि खाली: दुरुस्ती, विद्या. कपाटातून डांबरगोळ्यांचा वास येत होता, खिडकीतून ऊन टेबलावर सरकत होतं. कितव्या तरी चिठ्ठीनंतर अश्विनी मॅडम समोर येऊन बसल्या आणि डिंक लावायला लागल्या. बाकीची कामं पडली आहेत ना, मी विचारलं. त्या म्हणाल्या, ती रोजच पडलेली असतात.

सगळं झाल्यावर त्या म्हणाल्या, मॅडम, एक फोटो काढू? ठिकाण आणि वेळ फोटोवर उमटते, अहवालात लावता येईल. माझ्या ओठांवर जे आलं ते मी गिळलं. म्हटलं, काढा, पण नाव वाचता आलं पाहिजे. त्यांनी काढला. मग मी स्वतः एकेका कागदाचा जवळून फोटो घेतला आणि सगळे नसीमला पाठवले.

पंधरा मिनिटांनी तिचा फोन आला. मला वाटलं, तिला भरून आलं असेल. ती म्हणाली, 'सतरा नंबरचा टाकळा बघ. त्याच्या चिठ्ठीवर मी पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं होतं. ते कुठं गेलं?'

मला एकदम आठवलं. ते मी लेबलवर घेतलंच नव्हतं. शंका दिसली तर मार्क कमी होतील, म्हणून.

'तो टाकळा नसेल,' ती म्हणाली. 'तसाच दिसणारा दुसरा असतो. भिंग घे आणि पानाच्या देठावरच्या बारीक गाठी मोज. टाकळ्याला पर्णिकांच्या खालच्या दोन जोड्यांत असतात. एकाच जोडीत असली तर दुसरा.'

अश्विनी मॅडमनी भिंग आणून दिलं. वाळून काळपट झालेल्या त्या पानावर मी बराच वेळ शोधलं, मग त्यांना बघायला दिलं, मग पुन्हा मी पाहिलं. गाठ एकाच जोडीत होती. मी तसं सांगितलं.

'मग लाव चिठ्ठी,' नसीम म्हणाली. 'आणि हो, सव्वीस नंबरपण काढून ठेव. त्याचंबी मला तेव्हा पटलं नव्हतं.'

अश्विनी मॅडम घड्याळाकडं बघत होत्या, शिपाई किल्ल्या घेऊन दारात उभा होता. मी कात्री पुन्हा हातात घेतली.